उखा आप्पांच्या सोंगट्या

सुरतेच्या डिंडोली भागात राहायला आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच मी उखा आप्पांशी भांडायला गेले होते. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी येऊन वह्या तपासायला बसावं, की शेजारच्या ओट्यावरून घर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा. तो थांबेपर्यंत माझ्या डोक्यात एक अक्षर शिरायचं नाही.

ओट्यावर एक सत्तरीचे गृहस्थ गोणपाट टाकून बसले होते. समोर शिलाई मशीनच्या जुन्या मोटरीवर चालणारं, घरीच जुळवलेलं लाकूड कातायचं यंत्र. भुवयांपर्यंत भुसा उडालेला. चष्म्याची एक काडी नव्हती, तिच्या जागी पिवळं सूत बांधून कानाला अडकवलेलं.

"काका, दुपारी जरा आवाज..." मी म्हणाले.

त्यांनी मोटर बंद केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं, ज्योतिषी आहेत. मी नकळत हात पुढे केला. त्यांनी गळ्यातला दोरा काढून माझ्या अंगठ्यापासून तर्जनीपर्यंतचं अंतर मोजलं, दोऱ्याला गाठ मारली. "लहान हात आहे. तुम्हाला बारीक मानेची लागेल."

आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "ओ बाई, ते बहिरे आहेत! ओरडून सांगा. नाहीतर सांगूच नका!"

मी न सांगताच परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. यंत्र चार वाजता सुरू झालं, आणि पुढची सहा वर्षं ते चारच्या आधी कधी सुरू झालं नाही. त्यांना माझं बोलणं ऐकू आलं होतं की चेहऱ्यावरून कळलं, हे मी कधी विचारलं नाही. आठवड्याने त्यांनी एक सोंगटी आणून दिली. बारीक मानेची, लाखेने लाल केलेली. चिमटीत धरली तर बोटं जिथे टेकायला हवीत तिथेच टेकत होती.

आप्पा मूळचे अमळनेर तालुक्यातले. अठराव्या वर्षी सुरतेत आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लागले. अडतीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून कान गेले. मालकाने जुने माग भंगारात काढून नव्या यंत्रांची ऑर्डर दिली, तेव्हा आप्पांनी जाताना दोन पोती लाकडी कांड्या मागून घेतल्या. मागावर आडवं सूत ज्यांच्यावर गुंडाळलेलं असतं त्या कांड्या. वर्षानुवर्षं सूत फिरून त्यांचं लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. आप्पा म्हणायचे, "अर्धं काम सुताने केलेलंच आहे. मी फक्त डोकं काढतो."

त्या कांड्यांतून ते पटावरच्या सोंगट्या, लुडोच्या गोट्या, बुद्धिबळाचे मोहरे बनवायचे. दुकानात देत नसत. कोणी मागितलं तर त्याच्यापुरतं. आणि कोणीही आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "खेळणार कोण?"

एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून, एक बाई गाडी घेऊन आल्या. कुठेतरी आप्पांचे मोहरे पाहिले होते. त्यांना नव्या घरासाठी बुद्धिबळ हवं होतं.

"रमवानुं कोण?" आप्पांनी गुजरातीत विचारलं.

बाई हसल्या. खेळणारं कोणी नाही, दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवायचं आहे, असं म्हणाल्या.

आप्पांनी त्यांना चहा पाजला. कांडीचा घोडा कसा होतो ते अर्धा तास बसून दाखवलं. आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "बेन, घरमां कोई रमतुं थाय पछी आवजो." घरात कोणी खेळायला लागलं की या. बाई रागावून गेल्या. कौतिका मावशी, म्हणजे आप्पांची बायको, आतून म्हणाल्या, "एवढी गाडी घेऊन आली होती! द्यायचं ना एखादं!" आप्पांना ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं त्यांनी दाखवलं. हे त्यांना सोयीने जमायचं.

त्यांचा एक जुना सोबती होता, बिपिन नावाचा, ओडिशाकडचा. दोघांनी वीस वर्षं शेजारशेजारचे माग सांभाळले होते. बिपिनच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मशीनमध्ये गेली होती. खोलीवरच्या लोकांबरोबर तो लुडो खेळायचा, पण गोटी त्याला उचलता यायची नाही. दुसऱ्याला सांगावं लागायचं, माझी चार घरं पुढे ने. त्यात भांडणं व्हायची. आप्पांनी हे एकदा पाहिलं आणि त्याच्या उरलेल्या दोन बोटांमधली फट दोऱ्याने मोजली. मग चार गोट्या केल्या, डोक्याला दोन बाजूंनी खाच असलेल्या. त्या दोन बोटांच्या बेचक्यात बरोबर अडकायच्या. बिपिन दुसऱ्या रविवारी ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "उखाभाई, आज मैं खुद हारा."

आप्पा इतके हसले की चष्म्याचा दोरा सुटला.

कौतिका मावशींचे डोळे साखरेने गेले ते मी राहायला येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी. त्याआधी त्या घरी बसून साड्यांना लेस लावायचं, खडे चिकटवायचं काम करायच्या. हात फार हुशार. डोळे गेल्यावर काम सुटलं, पण त्याहून जास्त त्यांना लागलं ते दुपारचा पट सुटल्याचं. लग्न झाल्यापासून दोघं नवरा-बायको सारीपाट खेळत होते. खोलीत दोन माणसांना झोपायला जागा नव्हती तेव्हाही.

मग आप्पांनी त्यांच्यासाठी सोंगट्या करायला घेतल्या. ही हकीकत मावशींनीच मला सांगितली. पहिला संच बोटांना कळायचा, पण चाचपताना सोंगट्या घसरायच्या, डाव विस्कटायचा. आप्पांनी प्रत्येकीच्या तळाला पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला. मग लक्षात आलं, खेळाच्या घाईत काळी आणि हिरवी बोटांना सारखीच लागते. पुन्हा नव्या केल्या. आप्पा स्वतः डोळ्यांवर मावशींचा टॉवेल बांधून बसायचे आणि चाचपून ओळखायचे. चौथ्या खेपेला जमलं. लाल टोकदार, काळी गोल डोक्याची, पिवळीला गळ्यात कंगोरा, हिरवी वरून सपाट. मावशींनी पटावरच्या घरांच्या रेघांवर अंदाजाने बारीक लेस शिवून घेतली. सोळा सोंगट्या आणि प्रत्येक रंगाची एक जास्तीची. "एखादी हरवतेच," आप्पा म्हणायचे.

रोज दोन वाजता पट मांडला जायचा. एकाला ऐकू येत नाही, एकीला दिसत नाही, त्यामुळे तो डाव सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. मावशी कवड्या टाकायच्या, बोटांनी मोजायच्या आणि ओरडून दान सांगायच्या. आप्पा ओरडून म्हणायचे, "तुन्ही काळी मरी गयी!"

"खोटं नका बोलू! मन्ही काळी आठे व्हती!" माझी काळी इथे होती, असं म्हणून मावशी त्यांचा हात धरून त्या घरावर आपटायच्या.

मी एकदा आप्पांना म्हणाले, अधूनमधून त्यांना जिंकू द्या की.

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच खजील झाले. "आंधळी झाली, अडाणी नाही झाली. मी मुद्दाम हरलो तर तिला कळेल. मग ती कशाला खेळेल माझ्याशी?"

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मी इतका वेळ लावला, हे माझं मलाच दिसतं आहे.

एका जानेवारीत आमच्याकडे शिक्षकांनी बनवलेल्या शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन होतं. माझ्याकडे काही तयार नव्हतं. मला आप्पांचा तो संच आठवला. स्पर्शाने शिकवणं वगैरे त्यात सांगता येईल असं वाटलं. मी मागायला गेले. आप्पा लगेच हो म्हणाले. मावशींनी स्वतः पट गुंडाळला, सोंगट्या मोजून डब्यात भरल्या. जास्तीच्या चार बाजूला ठेवल्या.

"दोन दिवस ना बाई?" त्या म्हणाल्या. "मग दोन दिवस मी झोपून काढते."

प्रदर्शनात त्या पटाभोवती गर्दी झाली. वरचे एक साहेब आले, डोळे मिटून त्यांनी सोंगट्या ओळखून पाहिल्या. फार खूश झाले. "बेन, तमे जाते बनाव्युं?" तुम्ही स्वतः बनवलंत?

मी म्हणाले, "घेर ज बनाव्युं छे, साहेब."

घरीच बनवलं आहे. शब्द खोटा नव्हता. फक्त घर कोणाचं, ते मी सांगितलं नाही. प्रमाणपत्रावर निर्मिती म्हणून माझं नाव आलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. संच पुढच्या फेरीला गेला आणि मार्चमध्ये परत आला. मी तो शाळेच्या कपाटात ठेवला.

त्यानंतर तो तिथेच राहिला. का राहिला, याची माझी स्वतःला बरीच कारणं देऊन झाली आहेत. परीक्षा होत्या. मतदारयाद्यांचं काम होतं. निघताना घाई असायची. पण खरं कारण असं, की तो डबा हातात घेतला की मला प्रमाणपत्र आठवायचं, आणि तो परत देताना आप्पा विचारतील, काय म्हणाले लोक, तेव्हा काय सांगायचं ते ठरत नव्हतं. आप्पा ओट्यावर दिसले की मीच आधी ओरडायचे, "उद्या आणते हं, आप्पा!" ते मान हलवायचे. दुपारी दोन वाजताचा आरडाओरडा बंद झाला होता. मी घरात बसून शांतपणे वह्या तपासत होते, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही. की आलं होतं?

मे महिन्यात सुट्टी लागली. मी भाचीच्या लग्नाला मेहकरला गेले. हळदीच्या दिवशी मांडवात आप्पांचा फोन आला. ते फोन कधी करत नसत, ऐकू येत नाही म्हणून.

"मॅडम," ते ओरडून बोलत होते, "ते तेवढं झालं का तुमचं? तिला दवाखान्यातून घरी आणलंय. ती विचारते."

मला दवाखान्याचं काहीच माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं, काय झालं, कशा आहेत. पण त्याआधीच माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, संच अजून वर साहेबांकडे आहे."

"काय?"

"साहेबांकडे आहे!"

"ऐकू येत नाही, मॅडम. जोरात बोला."

भोवती बायका होत्या, वाजंत्री होती. मी मांडवाच्या कडेला गेले, फोनवर हात आडवा धरला आणि तिसऱ्यांदा पूर्ण ताकदीने ओरडले, "साहेबांनी ठेवून घेतलाय! अजून दिला नाही!"

"बरं बरं," ते म्हणाले. "मोठी माणसं. त्यांना घाई करू नका."

कपाटाची एक किल्ली डिंडोलीतच राहणाऱ्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेकडे होती. मी तिला एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत डबा आप्पांच्या घरी पोचला असता. पण मग ती बोलली असती की तो मार्चपासून कपाटातच होता. मी फोन केला नाही.

पाच दिवसांनी कौतिका मावशी गेल्या.

मला ते कळलं जूनमध्ये, सुरतेला परतल्यावर. रिक्षातून सामान उतरवत होते तेव्हा समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं. त्याच दिवशी मी शाळा उघडायला लावली, डबा काढला आणि आप्पांकडे गेले. ते ओट्यावर नुसते बसले होते. यंत्रावर चादर घातली होती. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी झाकण काढलं, एकेक करून सगळ्या सोंगट्या मांडीवर मोजल्या.

"सोळा. बरोबर आहेत," ते म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

चहा पिताना त्यांनी मला सगळं सांगितलं. पायाची जखम चिघळली होती, ती अंगात पसरली. घरी आणल्यावर मावशी शुद्धीत होत्या. पट नव्हता म्हणून खेळता येत नव्हतं. जास्तीच्या चार सोंगट्या होत्या, त्या घेऊन पडल्या पडल्या रंग सांगत बसायच्या. लाल, काळी, पिवळी, हिरवी. मग पुन्हा.

"आप्पा, तुम्ही दुसरा संच..." मी बोलून गेले.

"उद्या येणार म्हणत होता ना तुम्ही," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं, नुसतं सांगत होते. "उद्या येणाऱ्या वस्तूसाठी दुसरी कोण बनवायला घेतं?"

कपाटाचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

पुढचं वर्षभर मी त्यांना भाजी नेऊन दिली, औषधं आणून दिली, त्यांच्या कानाच्या यंत्रासाठी दवाखान्यात हेलपाटे घातले. गल्लीत लोक म्हणायचे, मॅडम अगदी लेकीसारखं करतात. आप्पाही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आणि अधूनमधून त्या न पाहिलेल्या साहेबाला शिव्या द्यायचे. "खुर्चीवर बसतात आणि लोकांच्या वस्तू दाबून ठेवतात. त्याला काय माहीत, इथे कोण वाट बघतंय!" मी मान खाली घालून ऐकायचे. माझी भाजी ते चवीने खायचे, ते मला बघवायचं नाही.

शेवटी एका दुपारी मी सांगितलं. कानाचं यंत्र लावलेलं होतं, त्यामुळे ओरडावं लागलं नाही. प्रमाणपत्राचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, फोनवरचं सांगितलं. साहेबांनी काहीच ठेवून घेतलं नव्हतं, हे सांगितलं. सांगून झाल्यावर मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हलकंही वाटलं.

आप्पा बराच वेळ हातावरचा भुसा झटकत होते. त्या दिवशी हातावर भुसा नव्हता.

"हे मला सांगायला नको होतं, मॅडम," ते म्हणाले.

मी डोळे पुसले.

"इतके दिवस त्या साहेबावर राग होता. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. सोपं होतं." ते उठले. "आता तुम्ही रोज समोर दिसणार."

त्यांनी आत जाऊन दार लावलं नाही. नुसते आत गेले. मी भाजीचा डबा तिथेच ठेवून परत आले.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असं नाही. वाटेत दिसले की "शाळा सुटली का?" विचारायचे. पण मी नेलेला डबा दाराशी तसाच राहायचा. दोनदा तसं झाल्यावर मी न्यायचा बंद केला. त्या प्रदर्शनवाल्यांना मी पत्र लिहिलं, संच कोणी बनवला ते खरं नाव कळवलं. उत्तर आलं नाही. मी ते आप्पांना सांगितलं नाही. सांगून पुन्हा मलाच बरं वाटलं असतं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची मुलगी त्यांना कायमचं न्यायला आली. ती नंदुरबारला असते. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी उधना स्टेशनवर गेले. भुसावळकडे जाणारी गाडी लागायची होती. फलाटावर आमच्याकडच्या लोकांची गर्दी, पोती, बादल्या, पोरंबाळं. आप्पा एका बाकावर पाय वर घेऊन बसले होते. मुलीने नमस्कार केला आणि ती पाणी भरायला गेली. मला वाटतं, ती मुद्दामच गेली.

मी वाटेसाठी आणलेला पुडा पुढे केला. या खेपेलाही ते तो घेणार नाहीत, अशी माझी तयारी होती. त्यांनी घेतला.

"आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं. "राग गेला नाही, मॅडम," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा, आजूबाजूच्या चार जणांनी वळून पाहिलं. "मी पुष्कळ बघितलं. नाही जात. गेला की फोन करतो."

"बरं," मी म्हणाले.

गाडी आली. मुलीने सामान चढवलं, त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खिडकीखाली उभी होते. पण तेवढ्यात एक बाई लेकरू घेऊन आत शिरली, आप्पांनी सरकून तिला जागा दिली आणि ते पलीकडे तोंड करून समोरच्या माणसाला विचारू लागले, "तुम्हनं गाव कोनतं?" तो माणूस काहीतरी म्हणाला. आप्पांना ऐकू गेलं नसावं, ते त्याच्याकडे आणखी वाकले. गाडी हलली तेव्हा मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पांढऱ्या सदऱ्यातली, थोडी पुढे झुकलेली.

अजून फोन आलेला नाही.